गौतमपुऱ्याचं घर आणि एक रुपयाची नोंद



भोपाळच्या सहलीचे नुसते फोटो नकोत, कोणीतरी नीट लिहा, असा आग्रह ग्रुपवर दोन महिने चालला होता. शेवटी काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाला वेळ असतो असा एक समज आहे आणि बँकवाल्याला लिहायची सवय असते असा दुसरा. मी आयुष्यभर लिहिले ते कर्जाच्या अर्जांवरचे शेरे आणि तपासणीचे अहवाल. भाषा कोरडी वाटली तर सांभाळून घ्या. शिवाय लिहिता लिहिता सहलीपेक्षा गौतमपुऱ्याच्या घराचाच हिशेब जास्त झाला आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

पावसाळा संपता संपताचा रविवार होता. रविवार मुद्दाम धरला, कारण सोमवारी संग्रहालय बंद असतं. आम्ही तीन घरची चौदा माणसं. माझा चुलतभाऊ नाना, त्याची बायको आणि मुलगा आदल्या संध्याकाळीच गौतमपुऱ्याहून आमच्याकडे इंदूरला मुक्कामाला आले होते. गौतमपुरा इंदूरच्या एका अंगाला पंचावन्न-साठ किलोमीटर, आणि भोपाळ दुसऱ्या अंगाला एकशे नव्वद. पहाटे सहाला गाडी निघाली. देवासला पोहे-जिलबी झाली, सोनकच्छ, आष्टा, सिहोर मागे पडलं आणि दहाच्या सुमारास आम्ही श्यामला हिल्सवर पोचलो.

पुढे जाण्याआधी नव्या पिढीसाठी गौतमपुऱ्याबद्दल चार ओळी. आपल्यातल्या कित्येकांच्या कागदांवर 'मूळ गाव' म्हणून हे नाव आहे, पण ते आलं कुठून हे मुलांना ठाऊक नसतं.

गौतमाबाई म्हणजे सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी. खानदेशातल्या तळोद्याच्या बारगळांची लेक. मल्हाररावांचे वडील लवकर गेले, ते मामाकडे वाढले, आणि त्याच मामांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. या बाईंच्या नावाचं हे गाव. आम्हा बँकवाल्यांना त्यांच्याविषयी विशेष आदर वाटावा असं एक कारण आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली, तिला 'खासगी' म्हणत. सालिना सुमारे तीन लाखांचं उत्पन्न. लष्कर आणि राज्यकारभाराचा खर्च 'दौलती'तून, आणि खासगीचा पैसा राणीच्या अखत्यारीत. पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी बाईच्या नावावर वेगळं खातं, आणि त्यावर तिची एकटीची सही! १७६१ साली, म्हणजे पानिपताच्याच वर्षी, गौतमाबाई गेल्या आणि खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंनी देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्यामागे या खासगीचा मोठा आधार होता. काशी विश्वेश्वराचं १७८० सालचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं. ज्या सासूचं खातं सुनेनं पुढे चालवलं, तिचं नाव मात्र आपल्या छोट्याशा गावाच्या पाटीवर राहिलं आहे.

आमचे पणजोबा साताऱ्याकडून होळकरी चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. माझे वडील, म्हणजे दादा, होळकर राज्याच्या महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. १९४८ मध्ये राज्य मध्यभारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. दादा म्हणायचे, "टेबल तेच, खुर्ची तीच, शिक्का तेवढा तीनदा बदलला." घर होतं गौतमपुऱ्यात. वाडा म्हणणं जरा जास्त होईल, पण आम्ही वाडाच म्हणायचो. पुढे ओटा, मग ओसरी, सागवानी खांब, माजघर, देवघर, भिंतीत धान्याचं बळद, मागे परसू आणि आड. वर कौलं. इकडे त्यांना कवेलू म्हणतात.

आता भोपाळ.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय हे त्याचं पूर्ण नाव. संस्था सुरू झाली १९७७ साली दिल्लीत. मध्य प्रदेश सरकारनं जागा दिली आणि १९७९ मध्ये ती भोपाळला आली. टेकडीवर सुमारे दोनशे एकरांचा परिसर आणि खाली भोपाळचा मोठा तलाव. संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं येतात. इथेही आत दालनांची इमारत आहे, पण खरी गोष्ट बाहेर आहे. झाडांतून, उतारावरून वाट जाते आणि वाटेवर घरं लागतात. चित्रातली नाहीत, खरी. आदिवासींची, हिमालयातली, समुद्रकाठची, वाळवंटातली. ही घरं ठेकेदारानं बांधलेली नाहीत. ज्या समाजाचं घर, त्याच समाजाची माणसं आपापल्या मुलखातून सामान घेऊन आली आणि स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या रीतीनं त्यांनी ते इथे उभं केलं.

ही कल्पना मूळची स्वीडनची. आर्टुर हाझेलियस नावाच्या गृहस्थांना दिसलं की, कारखाने आले, रेल्वे आली, आणि खेड्यांतली जुनी घरं भराभर पडायला लागली. त्यांनी देशभरातून घरं जशीच्या तशी उचलून स्टॉकहोमच्या एका टेकडीवर आणून मांडली. त्याचं नाव स्कॅन्सन, साल १८९१. तिथे जुन्या पोशाखातली माणसं त्या घरांत वावरतात, भाकरी भाजतात, काच फुंकतात. पुढे युरोप-अमेरिकेत अशी कितीतरी संग्रहालयं झाली. भोपाळचा विचार थोडा वेगळा आहे. ज्यांचं घर आहे ते लोक आपल्या देशात अजून आहेत, त्यांची कला जिवंत आहे, मग सोंग कशाला? त्यांनाच बोलवा.

पहिली ओळख पटली ती वारली घराशी. म्हणजे पटली वहिनींना. नानाच्या बायकोचं माहेर डहाणूकडचं. आम्ही सगळे पाटी वाचत होतो, त्या सरळ भिंतीपाशी गेल्या आणि हात लावून म्हणाल्या, "अहो, ही कारवी! आमच्या मागच्या अंगणातला कूड अस्साच होता." कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून माती-शेणाचा लेप, आणि लग्नकार्याला तांदळाच्या पिठानं पांढरी चित्रं. लग्नाचा चौक सुवासिनी कसा लिहितात ते त्या मुलींना पंधरा मिनिटं सांगत होत्या. चाळीस वर्षं मी या बाईंच्या हातचं जेवतोय. त्यांना एवढं माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरी ओळख माझी, आणि ती मला जरा जड गेली. राठवा लोकांच्या घरात भिंतभर पिठोरा काढलेला असतो. घोडेच घोडे, लाल, पिवळे, हिरवे, एकामागून एक. नवस बोलला की फेडण्यासाठी हे चित्र विधिपूर्वक काढवून घेतात. आपल्या अलीराजपूर-झाबुआकडचे भिल्ल-भिलालेही काढतात. मी तीन वर्षं तिकडच्या एका शाखेत होतो. आयआरडीपीचे दिवस. शेळ्या, बैलजोडी, विहिरीची मोट, यासाठी कर्जं वाटायचो. वर्षातून एकदा पाहणी. जीपनं पाड्यावर जायचं, ओसरीपर्यंत जायचं, बैल मोजायचे, कानातला विम्याचा बिल्ला पाहायचा, नंबर लिहायचा, सही घ्यायची किंवा अंगठा. किती घरांत गेलो असेन! आत घोडे असणारच. मला एक आठवत नाही. मी भिंत पाहिलीच नव्हती. तारण बैलाचं होतं, भिंतीचं नव्हतं.

याच श्यामला हिल्सवर भारत भवन आहे, १९८२ सालचं. ते बांधलं जात असताना झाबुआकडच्या पिटोल गावच्या भूरीबाई तिथे मजुरीला होत्या, विटा वाहायला. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना विचारलं, तुमच्याकडे भिंतींवर काय काढतात ते कागदावर काढाल का? त्याच भूरीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. स्वामीनाथन यांनी मजुराच्या रांगेत चित्रकार पाहिली. मी पाड्यापाड्यांवर फिरलो आणि थकबाकीदार पाहिले. नोकरी होती, मान्य आहे. पण हे मनात आलं ते लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

उतारावर थोडं पुढे खडकांच्या कपारी लागतात, आणि त्यांत आदिमानवानं काढलेली चित्रं आहेत. या आणून ठेवलेल्या नाहीत, मूळच्या तिथल्याच. म्हणजे संग्रहालय यायच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून त्या टेकडीवर माणूस राहत होता आणि भिंतीवर काहीतरी काढत होता. इथे नानानं मुलांना वाकणकरांची गोष्ट सांगितली. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर, आपल्या नीमचमध्ये जन्मलेले, उज्जैनचे. १९५७ साली रेल्वेतून जाताना त्यांना भोपाळच्या दक्षिणेला डोंगरातले खडक दिसले. उतरून पायी गेले आणि भीमबेटका सापडलं. २००३ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हटलं. त्या गाडीत त्या दिवशी कितीतरी माणसं खिडकीशी बसली असतील. खाली उतरून गेला तो एक.

दुपारी तलाव दिसेल अशा जागी आम्ही सावलीत पंगत मांडली. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, आणि इंदूरचे म्हणून अर्थातच सेव. माझी नात चौथीत आहे. ती सकाळपासून वहीत घरांची नावं लिहीत होती. दशमी खाता खाता तिनं विचारलं, "आजोबा, आपलं घर कुठे ठेवलंय?"

मी म्हटलं, "कुठलं आपलं?"

"गौतमपुऱ्याचं. तुम्ही नेहमी सांगता ते. ते कुठल्या संग्रहालयात ठेवलंय?"

सगळे हसले. नाना हसला नाही, मीही नाही.

आता ते सांगायलाच हवं. घराचे दोन भाग झालेले होते. पुढचा भाग आमचा, मागचा काकांचा, म्हणजे आता नानाचा. मी नोकरीत असताना बदल्यांवर बदल्या. दादा थकले, त्यांना इंदूरला आणलं. पुढचा भाग बंद पडला. कवेलू सरकले, ओसरीत पाणी गळायला लागलं. एक व्यापारी आला, त्याला दुकानं काढायची होती. मी कॉमर्सचा विद्यार्थी, कागद घेऊन बसलो. जागेची किंमत इतकी. इमारतीवर घसारा धरला तर किंमत शून्य. लाकूड वेगळं विकायचं, घनफुटावर. खांब, तुळया, दाराची चौकट, दिंडीचा अडसर, सगळं घनफुटात मांडलं. सौदा चांगला झाला असं सगळे म्हणाले. खरंच चांगला झाला होता, इंदूरचा फ्लॅट त्यातूनच झाला. दादा एवढंच म्हणाले, "बळदात एकदा हात घालून बघ, काही राहिलं असेल तर." मी बघितलं. एक पितळी मापटं होतं. ते अजून आमच्याकडे आहे, ही त्यात तांदूळ मोजते.

बँकेतल्या लोकांना ठाऊक असेल, जुन्या फर्निचरवर वर्षानुवर्षं घसारा काढत गेलं की शेवटी त्याची किंमत संपते. तरी आम्ही ते पुस्तकातून काढत नसू. किंमत लिहायचो एक रुपया. नव्या क्लार्कनं विचारलं की सांगायचो, अरे, टेबल अजून आहे ना? मग नोंद राहिली पाहिजे. रुपया टेबलाचा नाही, टेबल आहे या गोष्टीचा. हे मी तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, आणि स्वतःच्या घराची एक रुपयाचीही नोंद ठेवली नाही. एक धड फोटो नाही. नकाशा नाही. खांब किती होते हे आम्हा दोघा भावांना विचारलं तर मी आठ सांगतो, नाना दहा.

त्या दिवशी परतताना गाडीत नानानं हळूच विषय काढला. मागचा भाग घ्यायला आता माणूस आला आहे. "भाऊ, तू बँकवाला. सांग, विकू का?" नानाचे गुडघे गेलेत, मुलगा इंदूरला नोकरीला. दरवर्षी कवेलू फिरवायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मी म्हटलं, दिवाळीत येतो, मग बोलू.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी नातीला घेऊन गौतमपुऱ्याला गेलो. तिकडे त्या दिवसाला धोक पडवा म्हणतात, मोठ्यांच्या पाया पडायचा दिवस. आणि संध्याकाळी हिंगोट.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिंगोट हे एका काटेरी रानझाडाचं फळ, लिंबाएवढं, कवच मात्र कडक. महिना-दोन महिने आधीपासून पोरं ती गोळा करतात, आतला गर कोरून काढतात, वाळवतात, बंदुकीची दारू भरतात, तोंड मातीनं लिंपतात, वात लावतात आणि दिशा राहावी म्हणून बांबूची काडी बांधतात. पाडव्याला दिवस मावळता मावळता मैदानात दोन फळ्या समोरासमोर उभ्या राहतात. आमच्या गौतमपुऱ्याचे 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजीचे 'कलंगी'. खांद्याला हिंगोटांची झोळी, एका हातात ढाल. आधी देवनारायणाचं दर्शन, मग तास-दीड तास आगीचे बाण एकमेकांवर. शेवटी कोण जिंकलं, कोण हरलं असं काही नाही. गळाभेट घ्यायची आणि घरी जायचं. गावात सांगतात की हा मराठे आणि मोगल यांच्या लढायांच्या वेळचा सराव, गनिमी काव्याचा. ही गावाची सांगी आहे. माझं लक्ष जातं ते नावांकडे. कलगी आणि तुरा म्हणजे आपल्या शाहिरीतले दोन पक्ष, एक शक्तीला मोठं मानणारा आणि दुसरा शिवाला. महाराष्ट्रात ते डफावर भांडले, माळव्यातही तुर्रा-कलंगीचे खेळ झाले, आणि आमच्याकडे त्याच नावांनी आगीचे बाण सुटतात.

मी हे गोडवे गात नाहीये. माणसं भाजतात, डोळ्यांना इजा होते. २०१७ मध्ये एका तरुणाचा जीव गेला आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात याचिका झाली. आता प्रेक्षकांपुढे जाळ्या असतात, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका असतात. नातीला मी जाळीच्याही बरंच मागे उभं केलं आणि अर्ध्या तासात परत आणलं. घरी इंदूरला कळल्यावर सुनेनं जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तिचं बरोबरच होतं.

पण तिथे उभं असताना एक विचार मनातून जाईना. या गावात होळकरी काळातली किती घरं होती! एकेक करून गेली. दगडी जोती, सागवानी खांब, शंभर वर्षं टिकेल असं सगळं, आणि ते गेलं. आणि एका रानफळात चिमूटभर दारू, जे पेटवलं की क्षणात संपतं, ते टिकून आहे. असं का? मला सुचलेलं उत्तर साधं आहे. घर एकाच्या मालकीचं होतं, म्हणून त्याला विकता आलं. हिंगोट कुणाच्याच नावावर नाही. विकणार कोण आणि घेणार कोण? ते दरवर्षी नव्यानं करावं लागतं, आणि करताना थोरला धाकट्याला शिकवतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा होतं. भोपाळची घरंही अशीच टिकतात. गवताचं छप्पर आणि मातीची भिंत काही कायमची नसते. ती पुन्हा शाकारायला, सारवायला पुन्हा माणसं यावी लागतात, आणि ज्यांना ते येतं तीच यावी लागतात. टिकतं ते घर नव्हे, घर बांधायचं ज्ञान. उद्या ते हात संपले तर दोनशे एकर जागा असून उपयोग नाही.

रात्री नानाच्या अंगणात बसलो. मी त्याला 'विकू नकोस' म्हटलं नाही. मी माझा भाग विकून फ्लॅट घेतला आणि आता त्यानं गुडघे दुखत असताना माझ्या आठवणींसाठी कवेलू फिरवावेत, हे सांगायचा मला अधिकार नाही. मी म्हटलं, "नाना, विकायचं तर विक. पण तीन दिवस दे मला. आधी स्टॉक रजिस्टर करू."

आणि केलं. नाना, मी, त्याचा मुलगा आणि नात. एक टेप, एक जाड वही, मोबाइल. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी मोजली. दारांची उंची, कोनाडे, खुंट्या, बळद, न्हाणी, आडाचं रहाट. आणि मुख्य म्हणजे काकूंना खुर्चीवर बसवून खोलीखोलीतून नेलं. काकू म्हणजे नानाची आई, नव्वदीच्या घरात. ऐकू कमी येतं, आठवतं सगळं. आम्ही मोजायचो, त्या सांगायच्या, नात फोनवर रेकॉर्ड करायची.

माजघराच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे. आम्ही लहानपणापासून तिला अंधारी म्हणायचो, मस्ती केली की तिथे कोंडायची धमकी असायची. मी वहीत लिहिलं, 'अडगळीची खोली, आठ बाय सात.' काकूंना वाचून दाखवलं, तर त्या रागावल्याच. "अडगळ कसली रे? बाळंतिणीची खोली ती! वारा लागू नये म्हणून खिडकी नाही. त्या कोपऱ्यात शेगडी असायची. नाना तिथेच झाला. तूही तिथेच झालास. तुझी आई माघ महिन्यात दीड महिना होती आत, मीच तिला डिंकाचे लाडू नेऊन द्यायची."

माझ्या जन्मदाखल्यावर फक्त 'गौतमपुरा' लिहिलं आहे. त्र्याहत्तर वर्षांनी मला कळलं की नेमकं कुठे. आणि ज्या कागदावर मी घर विकलं होतं, त्यावर खोल्यांची संख्या होती, खोल्यांची नावं नव्हती. आम्ही चौघं थोडा वेळ त्या खोलीत तसेच उभे राहिलो. नातीनं टेप गुंडाळून ठेवला आणि माझ्या वहीतला 'अडगळ' शब्द स्वतःच्या पेन्सिलीनं खोडला.

तीन दिवसांत त्रेचाळीस नोंदी झाल्या. घराचा निर्णय नाना आणि त्याचा मुलगा घेतील, आणि ते जे ठरवतील ते मला मान्य आहे. विकलं तर जातं, बळदाचं लाकडी झाकण आणि देवघराची चौकट लाकूडवाल्याला द्यायची नाही, एवढं मात्र ठरलं आहे. वहीच्या प्रती काढून तिन्ही घरी दिल्या आहेत. खांबांचा प्रश्नही सुटला. काकूंनी सांगितलं, नऊ होते. एक तुमच्या आजोबांच्याच वेळी वाळवीनं गेला होता, त्याच्या जागी विटांचा रचला. माझे आठ खरे आणि नानाचे दहा खोटे, असं मी म्हणत होतो. दोघेही चुकलो.

आता तुम्हा सगळ्यांना विनंती. आपल्या या ग्रुपमध्ये गौतमपुरा, देपालपूर, महेश्वर, देवास, धार, कुठे ना कुठे घर असलेली किंवा नसलेली कितीतरी कुटुंबं आहेत. ज्यांची घरं उभी आहेत त्यांनी एक रविवार काढा, टेप आणि वही घ्या. ज्यांची गेली त्यांनी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, खोल्या कुठे होत्या, कुठली कशासाठी होती, आणि लहानांकडून लिहून घ्या. नुसता 'आमचा वाडा मोठा होता' असा शेरा नको, मापं लिहा, नावं लिहा. आणि हे पुढे ढकलू नका. आमच्या काकू नव्वदीला आहेत म्हणून आम्हाला नववा खांब सापडला.

आमच्या वहीचं पहिलं पान नातीच्या अक्षरात आहे. मी सांगितलं तसंच तिनं लिहिलं: अनुक्रमांक एक. वस्तू, जातं. ठिकाण, माजघर. वापरात, नाही. किंमत, एक रुपया.